तेरा किलो सातशे

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वजन किती?
मी म्हणालो, तेरा किलो सातशे.
काट्यावर उभं केलं, तर तेरा सातशेच.
त्या हसल्या. वैजू नाही हसली.
गुलटेकडीला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर
एकोणीस वर्षं तोलणार आहे मी,
हाताला कळतं.

औषध वजनावर असतं.
किलो वाढला की पिचकारीतली रेघ वर सरकते.
कस्तुरीनं जरा बाळसं धरलं
की आम्ही आधी खूश होतो
आणि मग बाटलीकडे बघतो.

पहिल्यांदा आली तेव्हा ती वरणभात खात होती.
डोळे उजवीकडे गेले आणि तिथेच राहिले,
फ्रिजमागे कुणी उभं असल्यासारखे.
मग एक हात. मग सगळीच.
शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन धावल्या,
कुणी चप्पल पुढे केली,
कुणी ओरडलं, दातात चमचा घाला.
घातला मी.
वैजू नको नको म्हणत होती, तरी मीच घातला.
पुढच्या दाताचा टवका गेलाय, तो त्या दिवशीचा.
लोक विचारतात, पडली का?
मी हो म्हणतो.

आणि कांदा!
दिवसाला दोनशे गोण्यांचा वास घेऊन घरी येणारा माणूस मी.
शर्टाला कांदा, नखांत कांदा, उशीला कांदा.
कांद्यानं थांबणार असती
तर माझ्या कुशीत तिला कधीच आली नसती.

आता कुशीवर वळवतो.
मानेखाली माझा हात, तोंडात काही नाही.
वैजू स्प्रे हातात धरून घड्याळाकडे बघते,
मी मोजतो.
पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत नाहीत.
तोंडाला सवय झालेली,
पोरगी फरशीवर झटके देतेय
आणि माझ्या तोंडून निघतं,
लाभ,
दोन,
तीन...

ईईजीच्या आदल्या रात्री सांगितलं, झोपू देऊ नका.
दोन वाजता तिला स्वेटर चढवून यार्डात नेली.
चाकणचे ट्रक लागत होते, सासवडचा मटार उतरत होता.
यासीन हमालानं तिला पाठीवर घेतलं
आणि गोणी, गोणी ओरडत अख्खा गाळा फिरवला.
चहात बुडवून दोन खाऱ्या खाल्ल्या तिनं.
मोठ्या काट्यावर बसली, आकडा लाल झाला,
म्हणाली, बाबा, माझी पट्टी लिहा.
लिहिली. माल एक नग. भाव नाही.
सकाळी रिक्षात स्वारगेटच्या सिग्नलला डोळे मिटायला लागली,
वैजूनं गालाला चिमटे काढले आणि स्वतःच रडली.
तिथे डोक्याला एकवीस वायरी चिकटवल्या
आणि म्हणाले, आता झोपवा.
आता ती झोपेना.
वायरींतून हात घालून डोकं खाजवत
टेक्निशियनला विचारत होती, तुझ्याकडे खारी आहे का?

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, तसं काही नाही हो,
फक्त तुमच्यापैकी कुणीतरी दारात बसा.
वैजू बसते. चपलांशेजारी. मटार सोलते.

काल पहाटे तीन दहाला आली. चाळीसपर्यंत मोजलं.
वहीत तारीख घातली. आधीची तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची,
म्हणजे सव्वीस दिवस,
म्हणजे बरं म्हणायचं का, ते वैजूला विचारलं नाही.
नंतर ती माझ्या खांद्यावर झोपली,
ओठांच्या कडेला फेस वाळलेला,
आणि एवढी जड
की गोण्या उचलणारा माझा हात अंदाज करीना.
मी उभाच राहिलो खिडकीशी.
सहाला कामावर जायचं होतं.
पावणेसहाला ती एका डोळ्यानं उठली,
माझी कॉलर हुंगली
आणि म्हणाली, शी.